उपाशी जिवाणू एकत्र जमतात कसे? मिक्सोकॉकसचे दोन संकेत

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मातीतल्या काही जिवाणूंची उपासमार झाली की लाखभर पेशी एका जागी जमतात आणि बीजाणूंनी भरलेला गोळा बांधतात, असं वाचलं. त्यांच्यात ना मेंदू, ना कोणी म्होरक्या. मग 'रासायनिक संकेत' म्हणजे नक्की काय? तो कोण सोडतं, कोण ओळखतं? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही करून बघता येईल का?"

पाठ्यपुस्तकात या जागी एक आकृती असते. 'सिग्नल' असं लिहिलेला बाण एका पेशीतून निघतो आणि दुसरीत शिरतो. ती पाहिली की वाटतं, कोणीतरी हुकूम सोडला आणि बाकीच्यांनी तो पाळला. मिक्सोकॉकस झँथस या जिवाणूत तसं काही घडत नाही. इथे पेशी एकमेकींकडून दोनच गोष्टी जाणून घेतात: आपल्यासारख्या उपाशी किती जणी आहेत, आणि त्या आपल्याला किती खेटून आहेत. पहिल्याचं उत्तर पाण्यात विरघळलेल्या पदार्थांतून मिळतं, दुसऱ्याचं पेशीच्या अंगावरच्या प्रथिनातून. बाकीचं बांधकाम बहुतांशी या दोन मोजमापांवर उभं राहतं.

आधी या जिवाची ओळख. मिक्सोकॉकस म्हणजे पाच-सात मायक्रोमीटर लांबीची लवचिक काडी. पोहायला शेपटी नाही. ओलसर पृष्ठभागावर ती सरपटते, तेही मिनिटाला काही मायक्रोमीटर इतक्या संथपणे, आणि दर काही मिनिटांनी मागचं टोक पुढे करून उलट दिशेने निघते. हे उलटणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिचं अन्न म्हणजे दुसरे जिवाणू. ती त्यांना अख्खे गिळत नाही. विकरं बाहेर सोडून शिकार बाहेरच पचवते आणि सुटलेली अमिनो आम्लं शोषून घेते. एकटीने हे करणं परवडत नाही, म्हणून या पेशी एरवीही कळपाने राहतात.

उपासमारीत त्या जे गोळे बांधतात त्यांना फ्रूटिंग बॉडी म्हणतात. साधारण एक दशांश मिलिमीटर व्यासाचा, पिवळसर नारिंगी दाणा. लाकडावर, शेणावर असे रंगीत दाणे दिसले की लोक ती बुरशीच समजत. बर्कलीने १८५७ मध्ये काँड्रोमायसीस या मिक्सोकॉकसच्या नातेवाइकाची नोंद बुरशी म्हणूनच केली होती. हे दाणे काडीसारख्या जिवाणूंनी मिळून बांधलेले असतात हे १८९२ मध्ये हार्वर्डच्या रोलंड थॅक्स्टरने दाखवलं, आणि तो स्वतः बुरशीतज्ज्ञ होता.

आता सुरुवातीचा क्षण. अन्न कमी झाल्याचं पेशीला कळतं ते तिच्या रायबोसोममधून, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातून. अमिनो आम्लं तिथे वाहून आणणारा टीआरएनए हा रेणू रिकामाच रायबोसोमवर येऊन बसला की रेलए नावाचं विकर पीपीजीपीपी हा छोटा रेणू बनवू लागतं. हा पेशीच्या आतला धोक्याचा इशारा आहे. १९९५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सिंगर आणि कैसर यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं रेलए जनुक मिक्सोकॉकसमध्ये घातलं आणि बाहेर अन्न असतानाच पीपीजीपीपी वाढवलं, तर विकासाची, म्हणजे गोळा बांधण्याची, सुरुवातीची जनुकं चालू झाली. म्हणजे भूक कळण्याची ही यंत्रणा प्रत्येकीची स्वतंत्र आहे, शेजारणीला विचारावं लागत नाही.

अडचण यापुढे आहे. बीजाणू बनवायला नवी प्रथिनं लागतात, आणि ती बनवायला अमिनो आम्लं. अन्न पूर्ण संपेपर्यंत वाट पाहिली तर बांधकामाला साहित्य उरत नाही. घाई केली आणि तासाभरात शिकार सापडली तर सगळी मेहनत वाया. शिवाय एकटीला भूक लागली म्हणून उपयोग काय? हजारो पेशी बरोबर असल्याशिवाय गोळा बांधता येत नाही. इथे पहिल्या संकेताची गरज पडते.

तो हाती लागला त्याची पद्धत मला आजही फार देखणी वाटते. १९७८ मध्ये स्टॅनफर्डच्या हेगन, ब्रेट्शर आणि डेल कैसर यांनी उपाशी ठेवूनही गोळा न बांधणारे बरेच म्यूटंट, म्हणजे जनुकात बिघाड झालेले वाण, जमवले. मग त्यांच्या जोड्या लावून मिसळले. एकटे दोघेही नापास, पण काही जोड्या एकत्र ठेवल्या की व्यवस्थित फ्रूटिंग बॉडी तयार होत. यात जनुकांची देवाणघेवाण नव्हती, कारण तयार झालेल्या बीजाणूंपासून पुन्हा वाढवलेली पेशी एकटी ठेवली की पुन्हा नापासच. अर्थ सरळ आहे: या म्यूटंटना संकेत बनवता येत नाही, पण दुसऱ्याने बनवलेला ओळखता येतो. कोणाची कोणाशी जोडी जमते यावरून ए, बी, सी, डी असे गट पडले, पुढे ई आला. बी, डी आणि ई यांच्याबद्दल इथे फार बोलत नाही. ए आणि सी यांची गोष्ट सर्वांत भक्कम आहे.

ए-संकेत म्हणजे काय हे शोधताना उपाशी पेशींभोवतीचं पाणी घेतलं, ते ए गटाच्या म्यूटंटवर टाकलं आणि एक ठरावीक जनुक चालू होतं का ते पाहिलं. होत होतं. मग त्या पाण्याचे भाग केले. उष्णतेने न बिघडणारा एक भाग निघाला आणि उष्णतेने बिघडणारा दुसरा. अनेकांची अपेक्षा होती की एखादा अनोखा संप्रेरक सापडेल. १९९२ मध्ये कुस्पा, प्लामान आणि कैसर यांचे निष्कर्ष आले तेव्हा पहिल्या भागात निघाली साधी अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड, आणि दुसऱ्यात प्रथिनं तोडणारी विकरं. उपाशी पेशी विकरं बाहेर सोडते, ती पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं तोडतात, आणि सुटलेली अमिनो आम्लं हाच संकेत. ट्रिप्टोफॅन, प्रोलिन, फिनिलअॅलनिन, टायरोसिन, ल्यूसिन, आयसोल्यूसिन ही त्यात अधिक प्रभावी.

गावजेवणात किती पंगती उठल्या हे उचललेल्या पत्रावळ्यांच्या ढिगावरून कळतं, तसंच हे आहे. पत्रावळी कोणी निरोप म्हणून टाकत नाही, पण मोजणाऱ्याला आकडा मिळतो. प्रत्येक उपाशी पेशी थोडी-थोडी अमिनो आम्लं पाण्यात सोडते, त्यामुळे त्यांची तीव्रता पेशींच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. सुमारे १० मायक्रोमोलर ओलांडल्यावर प्रतिसाद सुरू होतो.

इथे हुशार विद्यार्थी हमखास विचारतो: अमिनो आम्ल तर यांचं अन्न, मग पेशीचा गोंधळ होत नाही का? होत नाही, कारण ही पातळी वाढीसाठी लागणाऱ्या पातळीच्या बरीच खाली असते. तेवढ्यावर पोट भरत नाही, आतला पीपीजीपीपी खाली येत नाही. 'मी उपाशी आहे' आणि 'आजूबाजूला पुरेशा जणी आहेत' या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच काम पुढे सरकतं. खरोखर शिकार सापडली तर अमिनो आम्लं पुष्कळ वाढतात, पहिली अट मोडते आणि पेशी पुन्हा वाढीला लागतात.

याला 'कोरम सेन्सिंग', म्हणजे गणसंख्या पुरी झाली का हे ओळखणं, म्हणतात आणि ते चूक नाही. पण याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण असलेल्या व्हिब्रिओ या जिवाणूची गोष्ट जशीच्या तशी इथे लावू नका. तिथे पेशींची संख्या वाढत-वाढत कोरम पूर्ण होतो. इथे वाढ थांबत आलेली असते, आणि पहिल्या काही तासांत एकदाच हजेरी घेतली जाते.

सी-संकेताचा मामला वेगळाच. सी गटाच्या म्यूटंटना उपाशी पेशींभोवतीचं पाणी देऊन काही होत नसे; जिवंत पेशीच शेजारी लागत. त्यामागचं जनुक सीएसजीए. १९९० मध्ये किम आणि कैसर यांनी पेशींपासून १७ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप) एक प्रथिन वेगळं केलं, जे सी-म्यूटंटना वाचवत होतं. पुढे मारबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेत लोट्टे सोगार्ड-आंदरसन यांच्या गटाने ते बनतं कसं हे उलगडलं. मूळ २५ किलोडाल्टनचं प्रथिन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतं आणि पॉपसी नावाचं विकर त्याचा तुकडा पाडतं. पॉपसी एरवी पेशीच्या आत पॉपडी या जोडीदाराला बांधलेलं असतं. उपासमारीत पॉपडी नष्ट होतं, पॉपसी सुटून बाहेर येतं. भूक आणि संकेत यांची सांगड इथे अशी सरळ बसवलेली आहे.

तो तुकडा पेशीच्या अंगालाच राहतो, त्यामुळे त्याची देवघेव स्पर्शाशिवाय होत नाही. किम आणि कैसर यांचाच १९९० चा आणखी एक प्रयोग यासाठी वर्गात सांगतो. त्यांनी हलू न शकणारे म्यूटंट घेतले. या पेशींत संकेत बनवण्याची सोय शाबूत होती, तरी सी-संकेतावर अवलंबून असलेली जनुकं त्यांच्यात चालू होत नव्हती. मग अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, पृष्ठभागावर बारीक पॉलिश पेपरने अतिसूक्ष्म चऱ्या पाडल्या आणि त्यावर याच पेशी टाकल्या. पेशी चऱ्यांमध्ये घरंगळल्या, एकीमागे एक आणि अंगाला अंग लावून रांगेत बसल्या. आणि ती जनुकं चालू झाली. म्हणजे हालचाल हवी होती ती केवळ पेशींना नीट रांगेत आणण्यासाठी; ते काम चरीने केलं तर हालचालीवाचून अडत नाही.

आता ते उलटणं. विकासाच्या सुरुवातीला दाट थरात पेशींच्या लाटा दिसतात. दोन लाटा समोरासमोर येतात आणि एकमेकींतून आरपार गेल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात आदळलेल्या पेशी बऱ्याचशा तिथूनच उलट फिरतात. स्पर्शातून मिळणारा सी-संकेत उलटण्यावर ताबा ठेवणाऱ्या फ्रिझ नावाच्या यंत्रणेपर्यंत पोचतो आणि उलटण्याचा वेग बदलतो. संकेत वाढत गेला की पेशी कमी वेळा उलटतात, लांब पल्ल्याने सरकतात, एकमेकींच्या मागे प्रवाहात लागतात आणि प्रवाह जिथे गुंततात तिथे ढीग साचू लागतो. ढिगात गर्दी वाढली की स्पर्श वाढतो, स्पर्श वाढला की संकेत वाढतो, आणि संकेत वाढला की अॅक्ट जनुकांच्या मार्फत सीएसजीएचं उत्पादनही वाढतं. चक्र स्वतःलाच रेटत राहतं.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. तोच एक संकेत कमी पातळीला लाटा घडवतो, मधल्या पातळीला ढीग आणि सर्वांत वरच्या पातळीला बीजाणू. सीएसजीएचं प्रमाण मुद्दाम कमी-जास्त करून हा क्रम तपासलेला आहे: थोडं दिलं तर लाटांवर गाडी थांबते, आणखी दिलं तर ढीग बनतात पण बीजाणू नाहीत. म्हणूनच बीजाणू योग्य जागी बनतात. सर्वोच्च पातळी गाठायला इतकी दाटी लागते की ती ढिगाच्या आतच मिळते. बाहेर रेंगाळणारी काडी गोल होत नाही, म्हणजे बीजाणू बनत नाही, कारण तिला तेवढे शेजारच नसतात. पेशीच्या आत हा निर्णय फ्रूए आणि एमआरपीसी ही दोन प्रथिनं मिळून घेतात. अनेक जनुकांपुढे दोघं एकत्र बसल्याशिवाय काम सुरू होत नाही.

थोडी सावधगिरीही हवी. सीएसजीएची रचना एका विकराच्या कुटुंबाशी जुळते, आणि ते प्रथिन स्वतः संकेत आहे की ते मेदावर काम करून संकेत तयार करतं यावर प्रयोगशाळांमध्ये खरा वाद आहे. त्याला झेलणारा रिसेप्टर, म्हणजे संकेत ओळखणारं प्रथिन, अजून कोणी दाखवलेला नाही. माझं मत असं की १७ किलोडाल्टनच्या तुकड्याचा पुरावा जड आहे, पण परीक्षेत 'सी-संकेत रिसेप्टरला चिकटतो' असा बाण काढू नका.

आणि हे सगळं सहकाराचं गोड चित्र समजू नका. गोळ्यात शिरलेल्यांपैकी थोड्याच पेशी बीजाणू होतात. बऱ्याचशा फुटून मरतात, काही काड्यांच्याच रूपात गोळ्याबाहेर राहतात. संकेत न बनवता दुसऱ्यांच्या संकेतावर बीजाणू होणारे फुकटेही असतात. वेलिसर, क्रूस आणि लेन्स्की यांनी २००० मध्ये दाखवलं की काही म्यूटंट चांगल्या पेशींमध्ये मिसळले तर आपल्या वाट्यापेक्षा जास्त बीजाणू मिळवतात. एकटे ठेवले की मात्र हात हलवत बसतात.

ज्यांनी फक्त स्ट्रेप्टोमायसीस, म्हणजे प्रतिजैविकं बनवणारा मातीतला दुसरा जिवाणू, वाचलाय त्यांच्यासाठी दोन शब्द. तो जमत नाही, कारण तो आधीपासूनच धाग्यांच्या जाळ्यात जोडलेला असतो. त्याचा प्रश्न असतो जमिनीतून हवेत कधी उठायचं. स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसमध्ये यासाठी ए-फॅक्टर नावाचा रेणू आहे, जो मॉस्कोत खोखलोव्हच्या गटाने १९६७ मध्ये शोधला. मिक्सोकॉकसच्या ए-संकेताशी त्याचा काही संबंध नाही. उत्तरपत्रिकेत दोघांची सरमिसळ दरवर्षी दिसते. हा रेणू नॅनोमोलर प्रमाणात पुरतो. तो एका दडपणाऱ्या प्रथिनाला डीएनएवरून उठवतो, आणि त्यातून हवेतले धागेही सुरू होतात आणि स्ट्रेप्टोमायसिनही. ज्या वाणात ए-फॅक्टर बनत नाही तो टकला, म्हणजे हवेतल्या धाग्यांविना, राहतो आणि औषधही देत नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ज्या स्ट्रेप्टोमायसिनचं उत्पादन व्हायचं ते याच नियंत्रणाखालचं रसायन. तिथेच शोधलेल्या हॅमायसिन या बुरशीविरोधी औषधाचा जिवाणू तर स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या नावाने नोंदला गेला.

स्ट्रेप्टोमायसीसमध्येही उरलंसुरलं संकेत म्हणून वापरलं जातं. जुने धागे मरताना पेशीभित्तिकेतून एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन सुटतं. भोवती अन्न कमी असेल तर तेच विकास आणि प्रतिजैविकं सुरू करायला मदत करतं. अन्न भरपूर असेल तर उलट थोपवतं. बीजाणू बनण्याच्या वेळी निघणारा जिओस्मिन, म्हणजे पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्यांनी बनतो त्यांपैकी एक, मातीतल्या स्प्रिंगटेल या चिमुकल्या सहापायी जिवांना ओढून आणतो आणि ते बीजाणू पसरवतात, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. जिओस्मिन मिक्सोकॉकसही बनवतो.

आता प्रयोगशाळेचं. हा जिवाणू रोगकारक नाही, त्यामुळे कॉलेजात चालतो. डीके१६२२ हा प्रमाण वाण मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर मातीतून काढा. पाणी-अगारच्या प्लेटमध्ये बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड घाला. वर ई. कोलायच्या दाट लगद्याची रेघ ओढा आणि तिच्या टोकाशी सावलीत वाळवलेली चिमूटभर माती ठेवा. वाळवल्याने बीजाणूंना काही होत नाही, बाकीची गर्दी मात्र कमी होते. ३० अंशांवर ओलाव्यात ठेवून एक-दोन आठवडे रोज स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा. रेघ मातीच्या बाजूने विरघळत जाते, पुढची कड चकचकीत दिसते आणि मागे रंगीत दाणे उठतात. सुईच्या टोकाने दाण्याचा वरचा भाग तेवढा उचला, अगारला लागू देऊ नका. या पद्धतीने मिक्सोकॉकसचे भाऊबंदही येतात, प्रयोगाला तेही चालतील.

विकास बघायला कॅसिटोनच्या (पचवलेल्या दुधाच्या प्रथिनाच्या) माध्यमात ३२ अंशांवर हलवत वाढवलेल्या पेशी घ्या. ट्रिस, फॉस्फेट आणि मॅग्नेशियमच्या द्रावणात त्या दोनदा धुवा. धुणं टाळलं तर उरलेला कॅसिटोन सगळा प्रयोग बिघडवतो. मग मिलिलिटरला सुमारे ५०० कोटी पेशी होतील इतकं दाट करा आणि त्याच द्रावणाच्या, अन्न नसलेल्या अगारवर २० मायक्रोलिटरचे ठिपके द्या. पहिले सहा तास काही दिसत नाही, कंटाळून प्लेट टाकू नका. नंतर ठिपक्याच्या थरात कणी दिसू लागते. २४ तासांना गडद ढीग दिसतात. ते गडद दिसतात कारण पेशी इतक्या दाटल्या आहेत की उजेड आरपार जात नाही. बीजाणू पक्के व्हायला ७२ तास धरा.

तुलनेसाठी नेहमीच्या वाढीच्या द्रव माध्यमात अर्धा मोलर ग्लिसरॉल घातलेली एक नळी ठेवा. तिथे ना ढीग, ना उपासमार, तरी काही तासांत काड्या गोल होतात. ही गोष्ट डवर्किन आणि गिब्सन यांनी त्या काळातल्या साध्या उपकरणांनी पकडली आणि १९६४ मध्ये छापली. गोल होण्याची क्षमता पेशीत असतेच. संकेत ठरवतात ते कधी आणि कुठे.

संकेताचा परिणाम मोजायचा सोपा मार्ग म्हणजे पेशी विरळ करणं. तेच कल्चर जसंच्या तसं, दसपट विरळ आणि शंभरपट विरळ असं तीन ओळींत लावा. ७२ तासांनी प्रत्येक ठिपका खरवडून द्रावणात घ्या, ५० अंशांवर दोन तास ठेवा आणि सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवा. काड्या मरतात, गोल बीजाणू टिकतात. ते कॅसिटोन अगारमध्ये लावून वसाहती मोजा. उगवायला चार-पाच दिवस तरी द्या. आकडे पाहताना एक हिशोब करा. दसपट विरळ ठिपक्यात बीजाणूही बरोबर दहाव्या भागाएवढेच आले, तर संख्येचा परिणाम दिसलेला नाही. ते त्याहून पुष्कळ कमी आले, तर प्रत्येक पेशीची बीजाणू होण्याची शक्यताच शेजारणींच्या संख्येवर अवलंबून आहे हे तुमच्याच आकड्यांत आलं.